वॉटरप्रूफ ट्रेकिंग बूट : तिकडच्या डोंगरात पास, आपल्या सड्यावर नापास

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळकडून शिकायला परदेशी निघालेल्या मुलांच्या सामानात कुकर, मेतकूट आणि आमसुलांच्या जोडीला हल्ली एक मोठा खोका असतो. घोट्यापर्यंतचे वॉटरप्रूफ ट्रेकिंग बूट. सुट्टीत एकट्याने डोंगर करायचे म्हणून घेतलेले. हे परीक्षण त्याच प्रकारच्या बुटाचं आहे: आत पाणी अडवणारा पडदा, खाली खोल खाचांचा रबरी तळ, जोडीचं वजन किलो-सव्वा किलो, किंमत साधारण पाच हजारांपासून पुढे. एका कंपनीचं नाव घेण्यात अर्थ नाही, या गटातले गुणदोष थोड्याफार फरकाने सारखेच आहेत.

स्कॉटलंड, नॉर्वे किंवा पावसाळी-गारठ्याच्या दिवसांतलं आल्प्स डोक्यात असेल तर घ्या. कोरड्या उन्हाळ्यातच चालणार असाल तर हलका, जाळीदार बूट पुरे. आणि इकडे सुट्टीला आल्यावर पावसात रसाळगड-सुमारगड-महिपतगड हे कोकणातले किल्ले करायचे म्हणून घेत असाल तर पैसे वाचवा.

कारण त्या पडद्याच्या कामातच आहे. गोअरटेक्स असो की दुसरा कुठला, त्याची छिद्रं इतकी बारीक असतात की पाण्याचा थेंब आत शिरत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर पडू शकते. पडू शकते, पडतेच असं नाही. बाहेरची हवा बुटातल्यापेक्षा थंड आणि कोरडी असली तरच वाफ तिकडे ओढली जाते. आठ अंश तापमानात हे छान चालतं. जुलैत सड्यावरची, म्हणजे आपल्या जांभ्याच्या पठारावरची, हवाच ओल्या फडक्यासारखी असते, मग वाफ जाणार कुठे? घाम आतच साठतो. त्यात आपला पाऊस वरून पोटरीवरून ओघळत मोज्यातून बुटात उतरतो, आणि जो पडदा पाणी आत येऊ देत नाही तो ते बाहेरही जाऊ देत नाही. पाय दिवसभर भिजत घातलेल्या वालासारखा. इथे पाणी आत येऊन बाहेर जाणारा स्वस्त बूटच बरा. सह्याद्रीतली मंडळी वर्षानुवर्षं ‘अ‍ॅक्शन’चे बूट घालतात ते उगाच नव्हे.

दुकानात बूट हातात घेतला की आधी त्याची जीभ उचलून बघा. ती दोन्ही बाजूंना कापडाने कुठवर शिवली आहे? पाणी तेवढ्याच उंचीपर्यंत अडतं, मग खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. शिवण निम्म्यावर संपत असेल तर स्कॉटलंडच्या दलदलीत पहिल्याच तासाला मोजे ओले होतील. नंतर टाच आणि चवडा दोन हातांत धरून फडकं पिळल्यासारखा पिळा. सहज पिळला तर पाठीवर बारा किलो घेऊन दगडगोट्यांवर चालताना तळवा दुखणार, अजिबात पिळला नाही तर साध्या पायवाटेवर त्रास. तळाच्या रबरात नख रोवून बघा. किंचित रुततं ते मऊ रबर ओल्या दगडावर धरतं पण लवकर झिजतं, कडक रबर टिकतं पण निसटतं. तळावर व्हायब्रमचा पिवळा अष्टकोन असला की लोक निर्धास्त होतात. ही कंपनी वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळी रबरं बनवते, तेव्हा अष्टकोन बघूनही नख लावाच. शेवाळलेल्या जांभ्यावर कुठलंच रबर धरत नाही, तो दोष बुटाला देऊ नका.

माप संध्याकाळी घ्या, तोवर पाय थोडा सुजलेला असतो. जाड लोकरी मोजे घालूनच. नाडी न बांधता पाय पुढे सरकवा, टाचेमागे एक बोट जायला हवं. आपल्याकडे चपला आणि अनवाणी चालण्याने चवडा रुंद असतो, युरोपीय साचे बरेचदा अरुंद. करंगळी दाबली जात असेल तर ‘वापरून सैल होईल’ हे दुकानदाराचं म्हणणं ऐकू नका. कातडं थोडं सैल होतं, पडद्याचं अस्तर होत नाही. अर्धा नंबर मोठा किंवा ‘वाइड’ मागा. आपला ८ म्हणजे तिकडचा साधारण ४२.

नवा बूट घालून थेट डोंगरावर गेलात की टाचेला फोड ठरलेला. निघण्याआधी तीन-चार आठवडे वापरून तो मोडून घ्या, म्हणजे पायाच्या वळणावर आणा. त्यासाठी किनाऱ्यावर जाऊ नका; वाळूत चालून बूट मोडत नाही, उलट खारं पाणी वाळलं की कातडं ताठरतं आणि नाडीच्या कड्या गंजतात. घराजवळची पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) सर्वांत चांगली: रोज अर्धा-पाऊण तास, पाठीवर पाच-सहा किलो, चढ आणि उतार दोन्ही. उतारावर बोटं पुढे आपटत असतील तर सगळ्यात वरच्या दोन कड्यांमध्ये प्रत्येक बाजूला नाडीचा फास करून समोरची नाडी त्यातून ओवा आणि घोट्याशी घट्ट आवळा. टाच जागेवर बसते, नखं काळी पडत नाहीत.

परदेशी वाटेवर या बुटाची मर्यादा पाटीच सांगते. स्वित्झर्लंडमध्ये पिवळी पाटी असेल तिथे साधे बूटही चालतात, पांढरा-लाल-पांढरा पट्टा आला की हा बूट हवाच, पांढरा-निळा-पांढरा दिसला की हाही पुरत नाही. तिथून एकट्याने मागे फिरायचं. न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी एक कराच: खाचांतली तांबडी माती टाचणीने उकरून, ब्रशने धुवून, पूर्ण वाळवून बूट न्या आणि विमानतळाच्या फॉर्मवर ‘वापरलेले बूट आहेत’ असं लिहा. माती आणि बियांबाबत तिथे फार कडक आहेत, लपवलंत तर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड.

आता खरा दोष, जो खोक्यावर कुठेच छापलेला नसतो. तळ आणि वरच्या भागामधली जी गादी असते ती बऱ्याच बुटांत पॉलियुरेथेन नावाच्या फोमची असते. हवेतल्या ओलाव्याने तिची रासायनिक फोड होते. बाहेरून बूट नवा दिसतो आणि चालायला लागल्यावर तासाभरात गादीचा चुरा होऊन तळ लोंबतो. गंमत म्हणजे वापरातला बूट जास्त टिकतो, ठेवलेला आधी मरतो. मुलगा तिकडे नोकरीला लागतो, बूट घरी राहतात, कुणीतरी प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ते माळ्यावर टाकतं. चार-पाच पावसाळे तसेच गेल्यावर त्या बुटांचा भरवसा उरत नाही. पिशवी कापडी हवी, जागा हवेशीर, आणि महिन्यातून एकदा कुणीतरी घालून अंगणात फिरायला हवं. जुने बूट घालून निघण्याआधी गादीवर अंगठ्याने जोरात दाबा. चिकट लागली, भेग दिसली किंवा पीठ सुटलं तर टाकून द्या. गादी ईव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या फोमची असेल तर ही कटकट नाही, ती फक्त हळूहळू बसते. विकत घेतानाच हे विचारून घ्या.

दुसरा दोष आपणच करतो. होस्टेलच्या हीटरवर ओले बूट ठेवले की गोंद सुटतो आणि कातडं तडकतं. आतला तळवा काढा, सुपरमार्केटची फुकट जाहिरातपत्रकं चुरगाळून आत कोंबा, दोन तासांनी बदला, सावलीत वाळवा. बाहेरच्या कापडावर पाणी मोत्यासारखं न थांबता पसरायला लागलं की बूट गळतोय असं वाटतं. बहुधा पडदा शाबूत असतो, वरचा लेप गेलेला असतो. त्याचा स्प्रे मिळतो.

एकटे असाल तर दीडेक मीटरची जादा नाडी, चार केबल टाय आणि पाण्याच्या बाटलीला गुंडाळलेली दोन मीटर डक्ट टेप ठेवा. तळ सुटला तर नाडी टाचेपुढच्या खाचेतून घ्या, म्हणजे चालताना घासून तुटत नाही, आणि गाठ वर, पावलावर बांधा. टेप ओल्यावर चिकटत नाही, आधी पुसा.

नुसता गोंद सुटला असेल आणि गादी ठणठणीत असेल, तर सुट्टीला आल्यावर गावातल्या चांभाराकडे द्या. तो कडेने चारी बाजूंनी दोरा मारून देतो. सुई पडद्यातून गेली की वॉटरप्रूफपणा संपला. पण बाजारपेठेत आणि महिपतगडावर घालायला तो बूट आता आधीपेक्षा बरा, आत आलेलं पाणी निदान बाहेर जातं.