टाच टेकवणारे स्प्लिंट: दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

आमची मुलगी साडेचार वर्षांची असताना तिच्यासाठी पायात घालायच्या, घोट्याजवळ बिजागरी असलेल्या प्लास्टिकच्या स्प्लिंटची जोडी करून घेतली आणि ती तिने दहा महिने वापरली. सवयीने चवड्यांवर चालणाऱ्या मुलांसाठी डॉक्टर ही वस्तू सुचवतात; ती मापाने करून घ्यावी लागते आणि स्वस्त नसते. आम्हाला जोडीचे साडेअकरा हजार रुपये पडले. घेण्यापूर्वी कोणा आईवडिलांचा मराठीतला अनुभव वाचायला मिळावा म्हणून मी बरीच शोधाशोध केली होती आणि हाती फारसे काही लागले नव्हते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. तपासणी आणि स्प्लिंट दोन्ही पुण्यातल्या एकाच केंद्रात झाले. त्याचे नाव देत नाही, कारण त्यांच्याविषयी पुढे तक्रारीही आहेत.

मुलगी चौदाव्या महिन्यात चालू लागली ती चवड्यांवरच. नुकती चालू लागलेली मुले असे करतात आणि बहुतेकांची सवय दोन-तीन वर्षांच्या आत सुटते, असे बालरोगतज्ज्ञांनी सांगितल्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. तिसरे वर्ष उलटले तेव्हा प्रथम सासूबाईंच्या लक्षात आले. मुलगी आंघोळ करून ओल्या पायांनी बाहेर आली की शहाबादी फरशीवर पाच बोटे आणि चवडा एवढेच उमटायचे. गौरीच्या पावलांसाठी मूठ टेकवावी आणि तिची खालची बाजू उमटूच नये, तसे. "अगं, हिची टाच गेली कुठे?" असे त्या म्हणाल्या, आणि त्यानंतर मला ते रोज दिसू लागले. सांगितले की ती टाच टेकवून उभी राहायची. खेळात रमली की पुन्हा वर.

आम्ही आधी एका दुसऱ्या ठिकाणी गेलो होतो. तिथे मुलीच्या घोट्याला हातही न लावता चाळीस बैठकांचे पैसे आगाऊ भरण्याचा तक्ता पुढे सरकवण्यात आला. आम्ही उठून आलो, त्यामुळे त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही.

ज्या केंद्राबद्दल हा अभिप्राय आहे, तिथली पहिली तपासणी मात्र पाऊण तास चालली आणि माझ्या मते एकूण खर्चातला सर्वांत सार्थकी लागलेला पैसा त्या पाऊण तासाचा होता. फिजिओथेरपिस्ट बाईंनी प्रथम मुलीला मोकळ्या पायांनी व्हरांड्यात धावू दिले आणि आम्हाला गप्प राहायला सांगितले, कारण "टाच टेकव" असे कोणी म्हटले की मूल तेवढ्यापुरते नीट चालते आणि तपासणाऱ्याची फसगत होते. नंतर तिला पाठीवर झोपवून गुडघा सरळ ठेवला, टाच तळहातात धरली आणि पाऊल नडगीच्या दिशेने वर दाबून कोनमापकाने कोन मोजला. मग गुडघा वाकवून तेच पुन्हा केले. हे दोनदा का, असे विचारल्यावर त्यांनी न कंटाळता समजावून सांगितले. पोटरीत दोन मोठे स्नायू असतात, त्यांपैकी वरचा गुडघ्याच्या वरून सुरू होतो आणि खालचा गुडघ्याच्या खालून. गुडघा वाकवला की वरचा सैल पडतो, म्हणून वाकवल्यावर पाऊल सहज वर येत असेल तर ताठरपणा मुख्यतः वरच्या स्नायूत आहे असे समजते, आणि वाकवूनही येत नसेल तर दोन्ही स्नायू किंवा टाचेमागची जाड शीरच आखूड झालेली असते. आमच्या मुलीचे पाऊल गुडघा सरळ असताना काटकोनापलीकडे जेमतेम तीन अंश वर येत होते आणि वाकवल्यावर चौदा. मोजताना त्या टाच बाहेर वळू देत नव्हत्या, हे मी मुद्दाम नोंदवते, कारण ती वळली की पाऊल मध्येच दुमडते आणि आकडा खोटा चांगला येतो. पुढे एकदा तिथे काम करणाऱ्या दुसऱ्या एका मुलाने घाईत मोजले तेव्हा नेमके तसेच झाले आणि आम्हाला पंधरा अंशांची आनंदवार्ता मिळाली, जी बाईंनी पाच मिनिटांत रद्द केली.

त्याच दिवशी त्यांनी मुलीला जमिनीवर बसवून हात न टेकता उठायला सांगितले, टाचांवर चालायला सांगितले, पाठीचा कणा खालपर्यंत पाहिला, जन्म वेळेवर झाला का, बोलणे कधी सुरू झाले, नावाने हाक मारल्यावर ती बघते का, घरात आणखी कोणी असे चालत असे का, हे सगळे विचारले. चवड्यांवर चालण्यामागे मेंदूच्या पक्षाघाताचा सौम्य प्रकार, स्नायूंचा क्षय करणारा आजार किंवा मज्जारज्जूचा दोष असू शकतो, स्वमग्न मुलांमध्येही ही चाल बरीच आढळते, आणि हे सर्व वगळल्यावरच तिला निव्वळ सवय म्हणता येते. चाल एकाच पायाची असेल, किंवा आधी नीट चालणारे मूल अचानक चवड्यांवर चालू लागले असेल, तर सवय समजून थांबू नये, हेही त्यांनी सांगितले. आमच्याकडे बालमेंदूविकारतज्ज्ञांची चिठ्ठी असूनही त्यांनी स्वतः पाहिले, हे मला आवडले. घरातला प्रश्न विचारल्यावर माझे यजमान हळूच म्हणाले की तेही सहा-सात वर्षांचे होईपर्यंत असेच चालत. लग्नाला नऊ वर्षे झाली होती आणि ही माहिती मला तिथे मिळाली.

आता स्प्लिंटबद्दल. पायाला प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घेतात, तो वाळल्यावर कापून काढतात आणि त्यावरून तापवून मऊ केलेली पॉलिप्रॉपिलीनची चादर बसवतात. कापण्यापूर्वी कातडीला लागू नये म्हणून आत एक पट्टी सरकवतात, पण कात्री पाहून मुलीने जो आकांत केला त्याची पूर्वकल्पना आम्हाला कोणी दिली नव्हती. आधी बाहुलीच्या पायावर करून दाखवले असते तर निम्मे रडणे वाचले असते. तयार वस्तू दिसायला नीटनेटकी होती. पोटरीमागून तळपायाखाली जाणारा कवच, घोट्याच्या दोन्ही बाजूंना बिजागरी, मागे एक अडसर आणि तीन वेल्क्रो पट्टे. अडसरामुळे पाऊल खाली झुकत नाही, म्हणजे चवड्यावर उभे राहताच येत नाही, पण बिजागरीमुळे वर मात्र येते. हाच तिचा मोठा गुण, कारण बिनबिजागरीचे कडक स्प्लिंट घातलेल्या मुलाला उकिडवे बसता येत नाही आणि आपल्याकडच्या शाळेत प्रार्थनेपासून शौचालयापर्यंत निम्मा दिवस खाली बसण्याउठण्यातच जातो.

पहिल्या दिवशी एक तास, मग रोज थोडे वाढवत, अशी सवय करायची होती. काढल्यावर कातडीवर लाली दिसते. ती वीस मिनिटांत गेली तर ठीक, राहिली तर स्प्लिंट परत आणायचे, हा नियम त्यांनी लिहून दिला होता. डाव्या घोट्याच्या आतल्या हाडावर ती राहिली. परत नेले, त्यांनी तो भाग गरम हवेने तापवून थोडा बाहेर फुगवला आणि पैसे घेतले नाहीत. तिसऱ्या महिन्यात उजव्या बिजागरीचा खिळा सैल झाला, तेव्हा मात्र कारागीर रजेवर असल्यामुळे आम्ही अकरा दिवस वाट पाहिली, आणि दूरध्वनीवर दरवेळी "उद्या या" हेच उत्तर मिळाले. साडेअकरा हजारांच्या वस्तूला दुरुस्तीची निश्चित तारीख देता येत नसेल तर ती सेवा अपुरीच म्हणावी लागेल.

खरी अडचण घरात आली. स्प्लिंट बुटात घालून वापरण्यासाठी असते, त्यासाठी एक माप मोठा आणि आतली गादी काढता येईल असा बूट घ्यावा लागतो, आणि आपण घरात, देवळात, पुष्कळदा बालवाडीतही चपला-बूट दाराबाहेर काढतो. बुटाविना प्लास्टिकचा तळ गुळगुळीत फरशीवर साबणासारखा घसरतो. मुलगी दोनदा पडल्यावर आम्ही कोपऱ्यावरच्या चांभारकाकांकडून तळाला पातळ रबर चिकटवून घेतले, साठ रुपयांत, आणि प्रश्न मिटला. हे रबर केंद्रानेच लावून द्यायला हवे होते. एवढ्या मुलांना स्प्लिंट देणाऱ्यांना ती घरात अनवाणी फिरतात हे ठाऊक नसावे, याचे मला आश्चर्य वाटते. उन्हाळ्यात आत घाम साचतो, गुडघ्यापर्यंतचे सुती मोजे दिवसातून दोनदा बदलावे लागतात आणि वेल्क्रोत दोरे अडकून पट्टे सहाव्या महिन्यापासून सुटू लागतात, हेही सांगून ठेवते.

रात्री पाऊल ताणून धरणारा वेगळा स्प्लिंटही आम्ही घेतला होता. तिने तो एकही रात्र पूर्ण घातला नाही. मध्यरात्री पट्टे सुटल्याचा चर्र असा आवाज यायचा आणि सकाळी तो पलंगाखाली सापडायचा. इतर मुलांना उपयोग होत असेल. आमचे तीन हजार आठशे रुपये वाया गेले.

मग फायदा झाला का? दहा महिन्यांनी, त्याच बाईंनी त्याच पद्धतीने मोजले तेव्हा गुडघा सरळ असताना बारा अंश आले, आणि मुलगी आता बहुतांश वेळ टाच टेकवून चालते; खूप आनंदात असली किंवा थंड फरशीवर असली की अजून वर जाते. परंतु याचे श्रेय स्प्लिंटला किती द्यावे, हे मी प्रामाणिकपणे ठरवू शकत नाही. घातलेले असेपर्यंत चाल सुरेख आणि काढले की दहा मिनिटांत पूर्ववत, असे पहिले पाच महिने चालले होते. बाईंनीच आम्हाला स्वीडनमधल्या एका पाहणीबद्दल सांगितले होते. तिथे साडेपाच वर्षांच्या 1436 मुलांची माहिती घेतल्यावर सुमारे 5 टक्के मुले कधी ना कधी सवयीने चवड्यांवर चालत होती असे आढळले, त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांची सवय तोवर सुटलेली होती, आणि पुढे दहाव्या वर्षापर्यंत अशा मुलांपैकी 79 टक्के मुले विशेष उपचारांविना नीट चालू लागली. हे आकडे स्वतःहून सांगणारा विक्रेता मला दुसऱ्या कुठल्या व्यवसायात भेटलेला नाही. त्यांचे म्हणणे इतकेच होते की वाट पाहायची तर घोटा ताठर होत नाही ना, हे दर तीन महिन्यांनी मोजून पाहावे. तीनवरून तो शून्याकडे निघाला असता तर दर आठवड्या-पंधरवड्याला बदलायचे प्लास्टर आणि त्यानेही भागले नाही तर शस्त्रक्रिया, अशा पायऱ्या पुढे होत्या. पोटरीत स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सचे इंजेक्शन देण्याबद्दल मी विचारले, तेव्हा 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्लास्टरला त्याची जोड देऊन अधिक लाभ दिसला नाही, असे सांगून त्यांनी तो विषय बंद केला.

माझ्या घरापुरते बोलायचे तर स्प्लिंटपेक्षा जास्त काम जत्रेत मिळणाऱ्या, टाच पडली की पीं-पीं वाजणाऱ्या सँडलने केले. किंमत एकशे ऐंशी रुपये. पिपाणी टाचेखालीच आहे ना, हे अंगठ्याने दाबून पाहून घ्यावे, कारण काही जोड्यांत ती मध्यभागी असते आणि मग चवड्यावरही वाजते. मुलगी आवाजासाठी आपण होऊन टाच आपटायची, शेजाऱ्यांनी महिनाभर सोसले. त्याच्या जोडीला उकिडवे बसून अंगणातले चिंचोके वेचणे आणि टेकडीची चढण रोज वीस मिनिटे चढणे, हे दोन व्यायाम बाईंनी सांगितले होते. दोन्हींत टाच खाली राहून पोटरी ताणली जाते आणि मुलाला व्यायाम केल्याचे कळतही नाही. बाळाला मध्ये लटकवणाऱ्या, चाकांच्या गोल वॉकरबद्दल त्यांचे मत कडक होते. कॅनडात 2004 पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे, तीही मुख्यतः अपघातांमुळे. आजोबांनी करून घेतलेला लाकडी पांगुळगाडा मात्र चालेल म्हणाल्या, कारण तो ढकलायला मूल स्वतःच्या पायांवर उभे असते.

एकूण हिशेब असा: तपासणी पाचपैकी पाच, स्प्लिंट तीन, रात्रीचा स्प्लिंट शून्य, दुरुस्तीची सेवा दीड. मूल तीन वर्षांच्या आतले असेल, सांगितल्यावर टाच टेकवत असेल आणि घोटा मोकळा असेल, तर मी स्प्लिंटसाठी पैसे घालणार नाही, पण मोजणीसाठी जरूर घालीन. खर्च झेपत नसेल त्यांनी आधी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करावी. 2013 साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत. आमची जोडी आता लहान झाली आहे. कोणाला फुकट देता येईल का, असे बाईंना विचारले, तर मापाचे स्प्लिंट दुसऱ्याच्या पायात घालू नये, असे उत्तर मिळाले. त्यामुळे ते माळ्यावर आहेत, चांभारकाकांच्या रबरासकट.