पॉलिसीच्या एक्सेल शीटमध्ये साडेपंधरा टक्के रिटर्न दाखवून आत्याला फसवलं, तारखांचा कॉलम नीट बघा

माझी आत्या रिटायर्ड शिक्षिका आहे. २०२३ च्या जूनमध्ये तिची एफडी मॅच्युअर झाली तेव्हा बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरने ते पैसे परत एफडीत न ठेवता मुलाच्या नावाने विमा पॉलिसी घ्यायला लावली, वर्षाला १ लाख असे १० हप्ते भरायचे आणि २० वर्षांनी २४ लाख गॅरंटीड. एफडीपेक्षा दुपटीने जास्त मिळतंय मॅडम म्हणाला आणि पुरावा म्हणून व्हॉट्सॅपवर एक्सेल शीट पाठवली, खाली पिवळ्या रंगात एक्सआयआरआर (कोणत्या तारखेला किती पैसे गेले-आले त्यावरून वर्षाचा रिटर्न काढणारा फॉर्म्युला) साडेपंधरा टक्के. आत्याने विश्वास ठेवला, का नाही ठेवणार, वर्षानुवर्षं तिची पेन्शन त्याच बँकेत येते.

दोन हप्ते गेल्यावर ती शीट माझ्याकडे आली. मला आकडा पटेना, कारण साडेपंधरा टक्क्यांनी पैसे पाच वर्षांच्या आत दुप्पट होतात (७२ ला टक्क्यांनी भागलं की दुप्पट व्हायला साधारण किती वर्षं लागतात ते कळतं, ७२ भागिले १५.५), म्हणजे १५ वर्षांत आठपट व्हायला हवेत, आणि इथे तर सगळे मिळून अडीचपटसुद्धा होत नाहीयेत. पण फॉर्म्युला खरा होता, कुणी हाताने आकडा टाकलेला नव्हता, म्हणून मी एकेक सेल क्लिक करत गेलो. तारखांच्या कॉलमला फॉरमॅट असा दिला होता की फक्त १५-जून दिसतं, वर्ष दिसतच नाही. शेवटच्या २४ लाखांच्या सेलवर क्लिक केलं तर वर फॉर्म्युला बारमध्ये १५ जून २०३३!! पॉलिसी संपते २०४३ ला. पैसे १० वर्षं आधी मिळतात असं धरून काढलेला रिटर्न होता तो.

वर्ष २०४३ केलं तर आकडा पावणेसहाच्या खाली आला. हप्त्यांमध्ये जीएसटीही धरलेला नव्हता (तेव्हा पहिल्या वर्षी ४.५ आणि पुढे २.२५ टक्के लागायचा), तो दहाही हप्त्यांवर धरला तर साडेपाचच्या जरासा वर. एवढ्यासाठी आत्याचे पैसे २० वर्षं अडकवले.

तुम्ही स्वतः शीट बनवणार असाल तर एक्सआयआरआरच्या सेलमध्ये नम एरर (#NUM!) आली की आधी चिन्हं बघा, भरलेले हप्ते मायनस आणि मिळणारी रक्कम प्लस लागते, सगळं प्लस टाकलं तर उत्तरच येत नाही. व्हॅल्यू एरर (#VALUE!) आली तर बहुतेक तारीख टेक्स्ट म्हणून बसलेली असते, अशी तारीख सेलमध्ये डावीकडे चिकटलेली दिसते. गूगल शीटमध्ये सेटिंग्जमधे जाऊन लोकेल (तारखा कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायच्या ते) इंडिया करा, नाहीतर ०५/०६ म्हणजे ५ जूनचं ६ मे होतं आणि एररही येत नाही, हे जास्त वाईट. हे सांगतोय कारण आत्याच्या मुलाने आधीच हिशोब करून बघितला होता, त्याला नम एरर आली, तर तो मॅनेजर म्हणाला सर हा फॉर्म्युला विम्याला चालत नाही, माझीच शीट बरोबर आहे. साफ खोटं! कधी किती पैसे गेले आणि कधी किती आले एवढंच त्या फॉर्म्युल्याला लागतं, मग विमा असो नाहीतर एफडी.

पॉलिसीवर ईमेलही आत्याचा नव्हता त्यामुळे फ्री लुकची (पॉलिसी नको असेल तर परत करायची) मुदत कधी गेली ते तिला कळलंच नाही. आता ती मुदत पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवस आहे, तेवढ्यात रद्द केली तर थोडी कपात होऊन पैसे परत मिळतात. कंपनीने आमची लेखी तक्रार फेटाळली, म्हणे व्हेरिफिकेशन कॉलवर मॅडम हो म्हणाल्या होत्या. आता पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज केलाय, त्याला फी लागत नाही. सोबत मूळ एक्सेल फाईल आणि व्हॉट्सॅप चॅट दोन्ही जोडलंय, तुमच्याकडे अशी शीट असेल तर नुसता स्क्रीनशॉट ठेवू नका, फाईलच जपून ठेवा, स्क्रीनशॉटमध्ये ते २०३३ दिसत नाही.