मॅटलॅब, मॅथेमॅटिका आणि त्यांचे मोफत पर्याय: कोणाला कोणता सोयीचा?

मॅटलॅबला मोफत पर्याय कोणता, हा प्रश्न बहुधा परवान्याची मुदत संपत आली की पडतो. महाविद्यालय सुटते, तिथल्या खात्यावर मिळालेला परवाना बंद होतो आणि प्रकल्पासाठी लिहिलेल्या फायली संगणकावर नुसत्या पडून राहतात. अशा वेळी पर्यायांची यादी मिळवणे अवघड नसते, निवड अवघड असते. कारण मॅटलॅब हे मुख्यतः आकडेमोडीचे साधन आहे, तर मॅथेमॅटिका आणि मेपल यांचा खरा जोर आकड्यांऐवजी क्ष, य अशी अक्षरे ठेवून सोडवायच्या बीजगणितावर आहे, आणि एकाचा पर्याय दुसऱ्याच्या जागी चालेलच असे नाही.

मॅटलॅबमध्ये लिहिलेले जुने काम ज्यांच्याजवळ आहे, त्यांनी आधी जीएनयू ऑक्टेव्ह पाहावे. जॉन ईटन यांनी १९९२ मध्ये पूर्णवेळ हाती घेतलेले हे सॉफ्टवेअर मॅटलॅबची भाषा बव्हंशी जशीच्या तशी समजते, त्यामुळे साधी फाईल सहसा एकही ओळ न बदलता चालते. (नावाचा संगीताशी काही संबंध नाही. ऑक्टेव्ह लेव्हनस्पील हे ईटन यांचे रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक. चटकन अंदाजी हिशेब मांडण्यात त्यांचा हातखंडा होता.) नवखा माणूस अडतो तो पॅकेजपाशी, म्हणजे जादा फंक्शनांच्या संचांपाशी: सिग्नल किंवा कंट्रोल यांसारखी पॅकेजे वेगळी बसवावी लागतात आणि प्रत्येक वेळी ऑक्टेव्ह सुरू केल्यावर लोड करावी लागतात, ते विसरले की ओळखीचे फंक्शनच सापडत नसल्याची तक्रार पडद्यावर येते. मॅटलॅबच्या लाइव्ह स्क्रिप्ट आणि ॲप डिझायनरमध्ये केलेले काम मात्र इथे सहसा चालत नाही.

सायलॅब दिसायला मॅटलॅबसारखे असले, तरी फ्रान्समधील इन्रिया या संस्थेत घडलेल्या या सॉफ्टवेअरची भाषा स्वतंत्र आहे. पहिल्या ओळीत १ व २ आणि दुसऱ्या ओळीत ३ व ४ अशी मॅट्रिक्स घेऊन तिची बेरीज मागितली, तर मॅटलॅब आणि ऑक्टेव्ह प्रत्येक स्तंभाची बेरीज म्हणून ४ आणि ६ देतात, सायलॅब सगळ्यांची मिळून १० देते. चूक झाल्याचा संदेश येत नाही, उत्तर तेवढे बदलते. म्हणून मॅटलॅबच्या फायली सायलॅबमध्ये रूपांतरित करणारी सोय त्यात असली, तरी रूपांतरानंतर प्रत्येक उत्तर पडताळल्याशिवाय मी तिच्यावर भिस्त ठेवणार नाही.

असे असूनही सायलॅबची बाजू दोन ठिकाणी भक्कम आहे. मॅटलॅबसोबतच्या सिम्युलिंकप्रमाणे पडद्यावर ठोकळे जोडून प्रणाली उभी करण्यासाठी त्यात एक्सकॉस आहे, आणि ऑक्टेव्हकडे त्याच्या तोडीचे काही नाही. दुसरे म्हणजे शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करणाऱ्या आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने सायलॅब उचलून धरले असून नामांकित पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे सायलॅबमध्ये लिहून ती सर्वांना खुली केली आहेत. याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतूनही धडे मिळतात. त्यामुळे जुन्या फायलींचे ओझे नसलेल्या नव्या प्रयोगशाळेने सायलॅब घ्यावे, असे माझे मत आहे. वाहनउद्योगात नियंत्रण प्रणालींचे काम करू पाहणाऱ्याने मात्र सिम्युलिंक शिकावेच. एक्सकॉस त्या कामाला पुरे पडत नाही.

अक्षरी गणितासाठी मॅक्सिमा आणि सेजमॅथ हे दोन पर्याय समोर येतात. मॅक्सिमाचे मूळ एमआयटीत १९६० च्या दशकात सुरू झालेल्या मॅकसिमा (Macsyma) या प्रणालीत आहे, आणि विल्यम शेल्टर यांना १९९८ मध्ये परवानगी मिळाल्यामुळे ते मुक्त परवान्याखाली आले. त्याचा स्वभाव काहीसा काटेकोर शिक्षकाचा आहे: एक्सच्या एन-व्या घाताचे इंटिग्रेशन सांगितले, तर एनची किंमत उणे एक (-१) आहे का, असे ते आधी विचारते. मॅथेमॅटिका न विचारता नेहमीचे सूत्र देऊन मोकळी होते. विल्यम स्टाइन यांनी २००५ मध्ये सुरू केलेले सेजमॅथ मॅक्सिमा, पारी (अंकसिद्धान्तासाठी), गॅप (गटसिद्धान्तासाठी) अशा अनेक साधनांना पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या एका छत्राखाली आणते. अंकसिद्धान्त किंवा गटसिद्धान्त यांत काम करणाऱ्याने तेच घ्यावे. पण ते आकाराने अवाढव्य आहे, विंडोजवर लिनक्सची उपप्रणाली बसवूनच चालवावे लागते, आणि चार इंटिग्रेशनसाठी एवढा खटाटोप म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढणे होय.

अगदी कोऱ्या पाटीने सुरुवात करणाऱ्याने नमपाय, सायपाय आणि सिमपाय या गणिती संचांसह थेट पायथॉन शिकले तरी चालेल, मात्र तिथे यादीतल्या घटकांची मोजणी शून्यापासून सुरू होते हे मॅटलॅबची सवय असलेल्याला काही दिवस छळते.

मोफत (फुकट मिळणारे) आणि मुक्त (कोणालाही वापरायला, बदलायला, वाटायला खुले) यांतला फरकही पाहून घ्यावा. मॅथेमॅटिकाच्या मागचे वुल्फ्रॅम इंजिन विकसकांना फुकट मिळते, पण प्रत्यक्ष व्यवसायात वापरण्यासाठी नाही, आणि ही अट ठरवणे मालकाच्या हाती आहे. ऑक्टेव्ह किंवा मॅक्सिमा यांची आज उतरवून घेतलेली प्रत मात्र कोणतीही मुदत न संपता चालत राहते. मॅटलॅबचा परवाना अजून चालू असेल, तर आपली सर्वांत लांबलचक फाईल आताच ऑक्टेव्हमध्ये चालवून ती कोणत्या ओळीवर अडते ते पाहावे, कारण दोन्हींची उत्तरे शेजारी ठेवून ताडून पाहण्याची सोय तोवरच आहे.