क्लबच्या हॉलमधले ब्लूग्रास : एका हिवाळ्याचा अनुभव

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, रोअनोक शहराबाहेर ब्लू रिज डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेल्या एका छोट्या वस्तीचा कम्युनिटी क्लब दर हिवाळ्यात ब्लूग्रास संगीताच्या मैफली ठेवतो. नोव्हेंबर ते मार्च, महिन्यातून एक शनिवार, अशा एकूण पाच. हंगामाचे तिकीट 60 डॉलर आणि एका मैफलीचे 15 डॉलर. मी गेल्या ऑक्टोबरमध्ये हंगामाचे तिकीट घेतले आणि झालेली प्रत्येक मैफल ऐकली. या परिसरात राहणाऱ्या किंवा नोकरीनिमित्त येणाऱ्या मराठी मंडळींना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. तिकिटाचे पैसे सार्थकी लागले, हे आधीच सांगते. मात्र या मैफलींची सारी गोडी एका गोष्टीवर अवलंबून आहे आणि ती गोष्ट म्हणजे व्यासपीठावरचा एकच मायक्रोफोन.

ज्यांनी ब्लूग्रास ऐकलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. केंटकी हे ‘ब्लूग्रास राज्य’ म्हणून ओळखले जाते. तेथील बिल मन्रो यांनी त्यावरून आपल्या वाद्यवृंदाला ‘ब्लू ग्रास बॉइज’ असे नाव दिले, 1939 मध्ये ते नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाले आणि पुढे त्या वृंदाचेच नाव या शैलीला मिळाले. 1945 च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज हे बँजोवादक त्यांना येऊन मिळाले. अंगठा आणि दोन बोटांत नख्या घालून ते बँजोवर स्वरांची जी अखंड धार काढत, ती आज या संगीताची पहिली ओळख आहे. आपल्याकडे वरातीत वाजणारा बेंजो हे खटके दाबून वाजवायचे वेगळेच वाद्य आहे. येथील बँजो म्हणजे लांब दांडीचे, पाच तारांचे, गोल कड्यावर पातळ पडदा ताणलेले वाद्य. त्याच्या जोडीला मेंडोलिन, फिडल म्हणजे व्हायोलिन, गिटार आणि उभा बेस असतो. पारंपरिक ब्लूग्रासमध्ये तालवाद्य मुळीच नसते. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर बेस बोलतो, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मेंडोलिनवादक तारा छेडून लगेच दाबतो. त्या कोरड्या, तुटक आघातावर सगळा ठेका उभा राहतो. तबल्यावर वाढलेल्या कानाला हे समजायला दोन मैफली लागल्या.

क्लबचा हॉल लहान आहे. सव्वाशे खुर्च्या, लाकडी छत, गुडघ्याएवढ्या उंचीचे व्यासपीठ. नोव्हेंबरच्या पहिल्या मैफलीत पाचही कलाकार एका मायक्रोफोनभोवती अर्धवर्तुळात उभे राहिले. रेडिओच्या सुरुवातीच्या काळात वृंद असेच एका मायक्रोफोनसमोर गात, आणि पुढे डेल मॅकरी यांच्यासारख्या कलाकारांनी ही पद्धत पुन्हा रूढ केली. गाणारा पुढे येतो. त्याचे कडवे संपत असतानाच फिडलवादक गज आवरून, खांद्याने वाट काढत त्याच्या जागी सरकतो. बँजोवादक मागे होतो, मेंडोलिनवादक बगल देतो, आणि एवढ्या दाटीत कोणाचे वाद्य कोणाला लागत नाही. कोणाचा आवाज किती ऐकू यावा हे येथे यंत्रावरचा माणूस ठरवत नाही. मायक्रोफोनपासून किती इंच दूर राहायचे ते प्रत्येक कलाकार स्वतः, दुसऱ्याचे ऐकून ठरवतो. कडव्याच्या शेवटी तिघे तोंडाजवळ तोंड आणून तीन वेगवेगळ्या स्वरांत गातात, त्यांतला वरचा आवाज तारसप्तकात जाऊन तेथे ताठ टिकतो, आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या मला त्यांचा श्वास घेतल्याचा आवाजही ऐकू येत होता.

याउलट जानेवारीची मैफल. त्या वेळी ध्वनिव्यवस्था भाड्याने आणली होती. प्रत्येक वाद्याला स्वतंत्र मायक्रोफोन, दोन बाजूंना उंच स्पीकर, आणि आवाज एवढा की मेंडोलिनचा आघात टाळी वाजल्यासारखा कानावर आपटत होता. वृंद चांगला होता, बहुधा झालेल्या चारांतला सर्वात तयार. पण कलाकार आपापल्या जागी खिळून राहिले आणि गाण्यांचे शब्द बेसच्या घुमण्यात बुडाले. मध्यंतरात अनेक ज्येष्ठ श्रोते निघून गेले, याचे मला मनापासून वाईट वाटले. मी समितीला पत्र लिहिले. इतरांनीही तोंडी सांगितले असावे. फेब्रुवारीत पुन्हा एकच मायक्रोफोन आला. श्रोत्यांचे इतके लवकर ऐकणाऱ्या आयोजकांचे आभार मानणे मला आवश्यक वाटते.

थंडीचा वाद्यांवर होणारा परिणाम हा माझ्या विशेष आस्थेचा विषय आहे, कारण माझे बालपण मिरजेत, तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीशेजारी गेले. उणे तापमानातून आणलेली वाद्याची पेटी कलाकार लगेच उघडत नाहीत; ती बंद ठेवून खोलीच्या उबेला येऊ देतात. एकदा वाद्य बाहेर आले की हीटरची कोरडी हवा लाकडाला आकसवते. अशा वाद्यांना साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते, म्हणून एक गिटारवादक पेटीत ओलसर स्पंजाची डबी ठेवत होता. दर दोन गाण्यांनंतर तारा जुळवल्या जातात आणि श्रोते ते शांतपणे ऐकतात. बँजोच्या पूर्वजाचा मूळ देह भोपळ्याचा होता. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडे ताणून तो घडवला, हे मला येथे आल्यावर कळले, आणि मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा आठवून मी त्या वाद्याकडे वेगळ्याच जिव्हाळ्याने पाहू लागले. हे संगीत केवळ गोऱ्या डोंगरी लोकांचे आहे असे समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. मन्रो यांच्या लहानपणी त्यांच्यावर आर्नोल्ड शुल्झ या कृष्णवर्णीय वादकाचा मोठा प्रभाव पडला होता.

मैफलीपूर्वी दीड तास स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत ‘जॅम’ असतो आणि तो विनामूल्य आहे. वर्तुळात कोणीही बसावे. गाणे सुचवणारा स्वर सांगतो, प्रत्येकाची पाळी आली की मानेने खूण होते, आणि एकट्याने वाजवायचे नसेल तर नुसती मान हलवली की पाळी पुढच्याकडे जाते. पहिल्या मैफलीपासून मी तेथे साधी गिटार धरते. सत्तरीचे एक फिडलवादक आजोबा दर वेळी माझ्या शेजारी बसून पुढचा स्वर कोणता हे बोटांनी दाखवत. फेब्रुवारीत त्यांनी बोटे दाखवणे थांबवले, आणि ते का थांबले हे मला दोन गाण्यांनंतर उमगले. माझ्यासाठी त्या 60 डॉलरांपेक्षा ही खोली मोलाची ठरली.

उणिवाही सांगायला हव्यात. डिसेंबरची मैफल बर्फामुळे त्याच दिवशी सकाळी रद्द झाली. निर्णय योग्यच होता. पण त्याची सूचना फक्त क्लबच्या फोनवरील ध्वनिमुद्रित संदेशात होती, त्यामुळे लांबून आलेली काही कुटुंबे बंद दारापर्यंत पोचली. पैसे परत मिळाले नाहीत; त्याऐवजी मार्चमध्ये प्रत्येक हंगामी तिकिटावर एका पाहुण्याला प्रवेश दिला, जे मला पुरेसे वाटले, पण एकट्या राहणाऱ्यांना त्याचा उपयोग झाला नाही. हीटर सुरू झाला की त्याचा घुमा आवाज हळू गाण्यांच्या आड येतो. लोखंडी खुर्च्यांवर अडीच तास बसायचे असल्याने घरून गादी न्यावी. वाहनतळाची खडी रात्री गोठते, तेव्हा बूट जाड तळाचे असावेत.

जेवण क्लबचे सभासद स्वतः रांधतात आणि त्यातून जमलेले पैसे स्थानिक स्वयंसेवी अग्निशमन दलाला जातात. पिंटो घेवड्याची उसळ आणि मक्याचा पाव पाहून शाकाहारी माणसाला आनंद होतो. परंतु त्या उसळीत बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचा तुकडा शिजवलेला असतो, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नये. मी विचारल्यावर पुढच्या महिन्यापासून एक पातेले वेगळे ठेवू लागले.

उन्हाळ्यात या भागात ब्लूग्रासची वाण नाही. येथून अर्ध्या तासावर असलेल्या फिनकॅसलला 1965 मध्ये, अनेक दिवस चालणारा पहिला ब्लूग्रास महोत्सव भरला होता आणि आज असे महोत्सव सगळीकडे भरतात. पण मैदानातल्या महोत्सवात वृंद दूर दिसतो. हिवाळ्यात हेच कलाकार मोकळे असतात आणि लहान हॉलमध्ये येतात, हाच या मालिकेचा खरा फायदा आहे. खूप वेग आणि मोठा आवाज ज्यांना हवा, त्यांना येथे कंटाळा येईल. शांत बसून ऐकणाऱ्या दहा वर्षांच्या मुलालाही येथे आणता येईल.

हंगामाची तिकिटे ऑक्टोबरमध्ये क्लबच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर, फक्त रोखीने मिळतात. जागा ठरलेल्या नसतात. जॅमला येणाऱ्यांना आधी खुर्ची धरता येते, तेव्हा साडेचारला पोचावे आणि डावीकडची तिसरी रांग घ्यावी. उजवीकडे हीटर आहे.