सीओईपी की व्हीजेटीआय, ब्रँच सेम मिळत असेल तर

इंजिनिअरिंग ॲडमिशनचे कॅप राऊंड जवळ आले की कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, दादा फॉर्ममध्ये कॉलेजांच्या यादीत एक नंबरला काय टाकू. मी पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजचा, चुलतभाऊ मुंबईत माटुंग्याच्या व्हीजेटीआयचा, त्यामुळे आमच्या घरात दिवाळीला हे भांडण ठरलेलं असतं. तरी जमेल तेवढं न्यूट्रल लिहितो.

ब्रँच वेगळी मिळत असेल तर पुढचं वाचूच नका, हवी ती ब्रँच जिथे मिळते तिकडे जा. टेक्सटाईल करायचं असेल तर व्हीजेटीआयच, गिरण्यांच्या काळात सुरू झालेलं कॉलेज आहे ते. मेटलर्जी असेल तर सीओईपी. आणि पहिल्या राऊंडला एक नंबरचा ऑप्शन लागला की सीट ऑटो फ्रीझ होते, म्हणजे आपोआप पक्की, मग "बघू पुढच्या राऊंडला" चालत नाही.

नावाचं म्हणाल तर सीओईपी 1854 चं, व्हीजेटीआय 1887 चं, दोन्ही आजोबाच. सीओईपी 2022 पासून स्वतःच युनिव्हर्सिटी झालंय, व्हीजेटीआय ऑटोनॉमस आहे आणि डिग्री मुंबई युनिव्हर्सिटीची. पेपर दोन्हीकडे घरचेच, त्यामुळे यावर डोकं खाजवण्यात अर्थ नाही.

खरा फरक पडतो तो लेक्चर संपल्यावर. आमच्याकडे पोरं शिवाजीनगरच्या आसपासच राहायची, संध्याकाळी सहाला कॉलेजात दुसरी शिफ्ट सुरू व्हायची म्हणा ना. कोणी नदीकाठच्या बोट क्लबवर, कोणी फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या नाटक स्पर्धेच्या तालमीला (त्या महिन्यांत अटेंडन्सचं काय होतं ते घरी सांगू नका), कोणी लॅबमध्ये. स्वयम् नावाचा सॅटेलाईट पोरांनी असाच बॅचमागून बॅच खपून बनवला, 2016 ला इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटवरून वर गेला. रिगाटा या बोट क्लबच्या सोहळ्याच्या रात्री नदीवर मशाल डान्स बघितला की सबमिशनचा राग पण जातो.

भाऊ डोंबिवलीचा. येऊन जाऊन अडीच तास लोकलमध्ये, जर्नल उभ्या उभ्या वाचायची आणि पाच वाजले की डोळे घड्याळाकडे कारण गर्दी वाढायच्या आत गाडी पकडायची, पहिलं वर्ष असंच गेलं त्याचं. दुसऱ्या वर्षी हॉस्टेल मिळालं आणि माणूसच बदलला, एसआरए या कॉलेजच्या रोबोटिक्स क्लबमध्ये रमायला लागला, तिथे सीनियर स्वतः बसून ज्युनियरना शिकवतात आणि ही गोष्ट मला आमच्यापेक्षा भारी वाटते, हे मान्य. वर माटुंगा म्हणजे रात्रीचं फाईव्ह गार्डन आणि सकाळची कॅफे मद्रासची इडली, ते सुख वेगळंच.

इंटर्नशिपचं गणित सोपंय. मेकॅनिकलवाल्यांना पिंपरी-चाकण हाताशी. फायनान्स, बँकावाल्या कंपन्यांकडे डोळा असेल तर बीकेसी (बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्स) माटुंग्याहून किती लांब आहे ते मॅपवर बघा.

माझं मत विचाराल तर लातूर, जळगाव, नांदेडकडून येत असाल तर सीओईपी वर टाका, मुंबईत हॉस्टेल नाही मिळालं तर रूमचं भाडं ऐकून वडील गप्प होतात. दादर-ठाण्यात घर असेल तर व्हीजेटीआय, घरचं जेवण सोडू नका. कल्याणच्या पुढचे असाल आणि हॉस्टेलचं नक्की नसेल तर मात्र मी पुणेच म्हणेन.

भावाला वाचून दाखवलं तर म्हणतो, नदीचा वास का नाही लिहिलास. लिहितो बाबा, उन्हाळ्यात मुळा नदीत पाण्यापेक्षा जलपर्णी जास्त असते आणि बोट क्लबवर बसायचं तर नाकाला सवय लावून घ्यावी लागते.