दातांच्या रंगाचे फिलिंग: गणपतीपासून आंब्यापर्यंतचा अनुभव

रंगाविषयी माझी तक्रार नाही, हे आधी नोंदवतो. खालच्या दाढेला बाजूने लागलेली कीड काढून गणपतीपूर्वी चिपळूणच्या एका दवाखान्यात कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचे फिलिंग, भरून घेतले. भरलेला भाग आरशात मलाही ओळखता येत नाही, आणि दिवसभराचा चहा व सोलकढी यांचा डागही अद्याप पडलेला नाही. कोरडा पडलेला दात फिकट दिसतो, म्हणून डॉक्टरांनी दाढ ओली असतानाच शेड जुळवली. एवढे श्रेय त्यांना द्यावेच लागेल.

परंतु शेजारच्या दाढेला ती जिथे टेकायला हवी, तिथे बारीकशी फट राहिली. बांगड्याचे तंतू, ओल्या खोबऱ्याचा चव, पुढे हापूसच्या कोयीचे धागे, सारे नेमके तिथेच अडकत असे आणि रात्री हिरडी ठणकत असे. तक्रार केल्यावर ‘सवय होईल’ असे उत्तर मिळाले. चांदीच्या फिलिंगच्या जवळपास दुप्पट पैसे मोजून दात कोरण्याची सवय लावून घ्यायची, हे मला पटले नाही.

तोवर चांदीच बरी, असे माझे मत झाले होते. चांदी दाबून भरली जाते, त्यामुळे भरताना दाढेभोवती लावलेली धातूची पट्टी ती शेजारच्या दाढेवर रेटते. कंपोझिट मऊ असते, पट्टीला रेटत नाही आणि प्रकाशाने घट्ट होताना थोडे आकसतेही. म्हणूनच लाकडी पाचर व कडे लावून दाढा आधी किंचित दूर सारायच्या आणि बाकदार पट्टी बसवायची असते. रत्नागिरीच्या दुसऱ्या डॉक्टरांनी नेमके हेच केले. त्यांनी रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून बसवलेला रबराचा पातळ पडदा, लावून लाळ अडवली, फक्त तेवढी बाजू कोरून काढली आणि दोन मिलिमीटरपेक्षा जाड नसलेले थर एकेक करून निळ्या प्रकाशाखाली पक्के केले. आता फ्लॉसचा दोरा ‘टक’ असा आवाज करून आत जातो आणि बांगडा निर्धास्तपणे खाता येतो.

त्यामुळे मत बदलले आहे. चांदीच्या फिलिंगमध्ये वजनाने निम्मा पारा असतो, शिवाय ती अडकून राहावी म्हणून बऱ्याचदा निरोगी दातही कोरावा लागतो. कंपोझिट दाताला चिकटते, त्यामुळे तो वाचतो. मात्र खुर्चीवरून उठण्यापूर्वी, आणि पैसे देण्यापूर्वी तर नक्कीच, त्या फटीत दोरा घालून पाहायला सांगावे.

पहिल्या दवाखान्याने पैसे परत केले नाहीत. पुढची तपासणी मोफत देऊ केली आहे; संगमेश्वरहून चिपळूणचे एसटीभाडे अर्थातच माझे.