हॉर्नमध्ये मुंग्या? होय, हॉर्नच्या रिलेमध्ये!

चार दिवस गाडीचा हॉर्न मुका. हॉर्नशिवाय पुण्यातल्या कर्वे रोडने जाऊन दाखवा एकदा! मोठ्या वर्कशॉपने वरवर बघून ‘वायरिंग बदलावं लागेल’ म्हणत ११,५०० चा आकडा सांगितला. मग मेहुण्याच्या सांगण्यावरून नाना पेठेतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. दुकान म्हणजे एक शटर आणि एक स्टूल.

काकांनी फ्यूज पाहिला, शाबूत. मग रिले, म्हणजे हॉर्नचा करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच, उपसला, टोपण काढलं आणि जुन्या पेपरवर आपटला. काळ्या तिळांसारख्या मेलेल्या मुंग्या! दोन-तीन तर जिथे पॉइंट जुळतात नेमक्या तिथेच चिरडून बसलेल्या. म्हणजे पॉइंट टेकणार कसे आणि करंट जाणार कुठून?

“एकीला शॉक बसला की ती वास सोडते, त्यावर बाकीच्या धावून येतात,” काका म्हणाले. नवा रिले, मजुरीसकट २८० रुपये. जुना पिशवीत घालून हातात दिला, हे विशेष आवडलं.

गाडी लावायला जागा शून्य, आणि १ ते ४ दुकान बंद म्हणजे बंद. जाताना म्हणाले, आंब्याखाली लावू नका. अहो, सोसायटीत मला मिळालेली जागाच आंब्याखाली आहे.